खर्ज आणि थाप

कुणकेश्वराच्या देवळामागे रात्री समुद्राकडे तोंड करून बसले, की समुद्राचे दोन आवाज ऐकू येतात. एक अखंड चाललेला, दबका, लांबवरून येणारा. त्याला आपण गाज म्हणतो. दुसरा, लाट खडकावर आपटते त्या क्षणाचा. गाज इतकी सवयीची होते की तासाभराने ती ऐकू येईनाशी होते. लाटेची थाप मात्र दर वेळी नव्याने ऐकू येते. कुणकेश्वर हे माझे आजोळ. त्यामुळे हे दोन आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण त्यांच्यातील फरकाचा विचार करण्याची वेळ आली ती परवाच्या महाशिवरात्रीला, आणि तीही एका विलायती वाद्याच्या निमित्ताने.

झाले असे. माझ्या मामेभावाचा मुलगा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. घरातल्या एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून त्याने तिचा स्टुडिओ केला आहे. गावात एक वृद्ध मृदंगवाले आहेत. आजोळच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना मी मामाच म्हणतो, तसे त्यांनाही म्हणतो. ऐन उमेदीत त्यांनी दशावतारी नाटकांना साथ केली, पुढे डबलबारीच्या भजनांना केली. आता वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. डावा हात पूर्वीसारखा उठत नाही. हात पुरता थांबण्यापूर्वी त्यांच्या चार गौळणी आणि दशावताराच्या नांदीचे ठेके ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, अशी पोराची इच्छा. त्यात गाण्याला भरीवपणा यावा म्हणून बेस गिटार घालायची, असे त्याने ठरवले होते. कणकवलीच्या मित्राची एक गिटार मागून आणून त्याने पहिली चाचणीही घेतली होती. ती त्याने मला ऐकवली. कानांना मोठे हेडफोन लावून ऐकले तर जणू देवळाखालून गाडी गेल्यासारखा घुमार. मोबाइलवर ऐकले तर गिटार जवळजवळ नाहीशी! आणि दोन्हींकडे एक गोष्ट समान: मामांचा धुमा कुठेच स्पष्ट नव्हता.

मामांनी आपला अभिप्राय आधीच दिला होता. "झिला, ह्यो तुझो भोपळो माझो धुमो गिळता रे."

पोराने मला कोपऱ्यात घेतले. "काका, पैशे एकदाच आसत. फसलंय तर दुसऱ्यांदा गावचे नाय. तुमी इतकी वर्सां जुने तबकडे ऐकतास, तुमीच सांगा खंयची घेऊ." आता, तबकड्या ऐकणे निराळे आणि गिटार निवडणे निराळे, हे त्याला सांगून मोकळे होता आले असते. पण विचार करू लागलो तसे वाटले, की त्याचा प्रश्न सव्वाशे वर्षे जुना आहे. खालचा सूर यंत्रात कसा उतरवायचा, हा तो प्रश्न. त्यावर कित्येकांनी डोके खपवले आहे, आणि त्यांनी काय केले हे कळल्यावाचून दुकानात जाऊन उपयोग नाही.

प्रथम हे वाद्य काय आहे ते सांगतो. बेस गिटारीला साधारणतः चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 आंदोलने घेते. तिच्या वरच्या तीन अनुक्रमे 55, 73 आणि 98. म्हणजे आपल्या गवयाने रियाजात खर्ज लावावा, त्याच्याही बरेच खाली हे वाद्य बोलते. गाण्यात त्याचे काम दुहेरी आहे: सुराला खालून आधार द्यायचा आणि तालाला वजन द्यायचे. हल्लीची मुले चांगल्या बेसच्या आवाजाला 'पंच' आहे म्हणतात. गावच्या पंचांशी त्याचा संबंध नाही; ठोसा बसावा तसा सूर छातीवर बसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आता यंत्राची बाजू. एडिसनने 1877 साली आवाज साठवून दाखवला, आणि 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरून गोहरजानचे गाणे मुद्रित करून गेला. त्या काळी वीज, मायक्रोफोन यांचा संबंध नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या जोराने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुईने मेणावर रेघ उठायची. हा कर्णा म्हणजे फार अरुंद दार होते. सेकंदाला दीड-पावणेदोनशे आंदोलनांच्या खालचे सूर त्यातून जवळजवळ जातच नसत. वर दिलेले चार आकडे पाहा: बेसच्या चारही मोकळ्या तारा त्या दाराबाहेरच राहतात! युरोप-अमेरिकेत वाद्यवृंद मुद्रित करताना बिचाऱ्या डबल बेसवाल्याला घरी पाठवून त्याच्या जागी फुंकून वाजवायचा ट्यूबा बसवीत, कारण त्याचा आवाज कर्ण्यावर रोखता येई. व्हायोलिनलासुद्धा पोटाऐवजी कर्णा बसवलेली जात निघाली होती. आपल्याकडे बालगंधर्वांच्या किंवा त्यांच्या समकालीनांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना आठवेल, की गळा, ऑर्गन आणि तबल्याची चाट ऐकू येते. डग्गा मात्र कोणी शेजारच्या खोलीत वाजवीत असल्यासारखा. वाजवणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. तो डग्गा दारातच अडला होता.

मला या गोष्टीची नेहमी हळहळ वाटते. आमच्या आजोबांच्या पिढीने कोणता खर्ज ऐकला, याचा पुरावा आपल्यापाशी नाही. त्यांचे वरचे सूर राहिले, खालचे गेले.

1925 मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि दार बरेच रुंद झाले. मायक्रोफोनला खालचे सूर कळू लागले. पण कळणे आणि तबकडीवर राहणे यांत अंतर होते. खालचा सूर तबकडीच्या खाचेला रुंद झोका देतो. झोका मोठा झाला की शेजारच्या खाचेवर चढतो, नाहीतर ऐकणाऱ्याच्या घरी सुई उडते. म्हणून तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबायचे आणि वाजवताना यंत्राने ते पुन्हा उचलायचे, अशी युक्ती निघाली. 1954 च्या सुमारास अमेरिकेत या दाबण्या-उचलण्याचे प्रमाण ठरून गेले आणि पुढे ते सगळीकडे रूढ झाले. तरीसुद्धा मुद्रकांच्या मनातली सुई उडण्याची भीती गेली नाही. एवढा खर्ज नको, असे म्हणणे हा त्यांचा धर्मच होऊन बसला.

बेस गिटार जन्माला आली ती याच काळात. त्याआधी खालच्या सुरासाठी डबल बेस असे: पुरुषभर उंचीचा, मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागणारा, आणि ढोल-तुताऱ्यांपुढे बसला की ऐकू न येणारा. 1930 नंतरच्या दशकात सिॲटलच्या पॉल टुटमार्कने आडवी धरून वाजवायची विजेची बेस करून विकून पाहिली होती, पण ती चालली नाही. चालवली ती कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या लिओ फेंडरने. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (वाद्याकडे वादकाच्या अभिमानाने न पाहता कारागिराच्या डोळ्यांनी पाहणे त्याला त्यामुळेच जमले असावे, असे माझे मत आहे.) 1951 साली त्याने जे वाद्य बाजारात आणले त्याला पोकळ पोट नव्हतेच, एक भरीव फळी, लांब दांडी, सतारीसारखे पडदे. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवले 'प्रिसिजन'. तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, ज्याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेटोळ्यात सूक्ष्म वीज उठते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. 1957 मध्ये त्याने हे वेटोळे दोन तुकड्यांत विभागले, दोन तारांना एक तुकडा आणि उरलेल्या दोघींना दुसरा, आणि ते असे जोडले की घरातल्या विजेची गुणगुण एकमेकांत जिरून जावी. ही बाब लक्षात ठेवा. कुणकेश्वरात तिचे फार काम पडले.

1960 मध्ये त्याच कारखान्याने 'जॅझ' नावाची दुसरी बेस काढली. तिची दांडी सडपातळ, आणि पिकअप दोन. घोडीजवळचे पिकअप तारेचा कडक, थोडासा नाकातला आवाज टिपते. दांडीजवळचे गोल आवाज टिपते. दोन्हींच्या मिश्रणाने अनेक रंग मिळतात. पुढे 1976 मध्ये फेंडरनेच 'म्यूझिक मॅन' या नव्या कंपनीसाठी 'स्टिंगरे' नावाची बेस रचली. तिच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरीच्या बळावर खालचे आणि वरचे सूर वादक स्वतःच वाढवू शकतो. आज दुकानांत जी शेकडो नावे दिसतात, त्यांतली बरीचशी या तीन घराण्यांतलीच. कणकवलीच्या मित्राची गिटार तिसऱ्या घराण्यातली होती, आणि पोराने खालच्या सुराचा खुंटा पुरता पिळून ठेवला होता.

हे झाले वाद्यांचे कुळ. पण खरा इतिहास वाजवणाऱ्यांचा आहे. डेट्रॉइटमध्ये 'मोटाऊन' नावाची तबकड्या काढणारी कंपनी होती. तिचा स्टुडिओ म्हणजे एका साध्या घराला जोडलेली लहानशी खोली. तिथे जेम्स जेमरसन नावाचा बेसवादक रोज येऊन बसे. त्याच्यापाशी 1962 ची एक प्रिसिजन होती. तिच्यावर सपाट पट्टीने गुंडाळलेल्या जाड तारा. त्या तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. बोटांचा मळ बसून बसून त्यांचा झणकार पार मेलेला. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, तो तारांना दाबून धरी. आणि हे सगळे वाजवायचे उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने! ॲम्प्लिफायरसमोर मायक्रोफोन धरण्याऐवजी गिटारची वायर थेट मुद्रणयंत्रात. या मेलेल्या तारांतून, फोमच्या बोळ्यातून आणि एका बोटातून जे निघाले ते सबंध जगाने नाचत ऐकले. मात्र ते कोण वाजवतो हे जगाला माहीत नव्हते. तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव प्रथम आले ते 1971 मध्ये, मार्व्हिन गे याच्या एका तबकडीवर.

त्याच वर्षांत लॉस एंजेलिसला कॅरोल के नावाची बाई हेच काम करीत होती. ती मूळची गिटारवादक. 1963 मध्ये एका मुद्रणाला बेसवाला आलाच नाही, तेव्हा हिच्या हाती बेस दिली गेली आणि मग ती सुटली नाही. ती नखीने वाजवी, आणि तारांवर फेल्ट कापडाची घडी चिकटवून ठेवी. नखीमुळे सुराची सुरुवात टोकदार. फेल्टमुळे शेपूट आखूड. पुढचा सूर येण्यापूर्वी मागचा संपलेला असे, म्हणून दोन्ही वेगळे ऐकू येत.

इंग्लंडातही तेच दुखणे होते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस, व्हायोलिनच्या आकाराची, स्वस्त आणि वजनाला हलकी, पुढे जगप्रसिद्ध झाली. पण अमेरिकन तबकड्यांतला बेस ऐकून त्याला आपला बेस दुबळा वाटे. 1966 मध्ये 'पेपरबॅक रायटर' मुद्रित करताना त्याने रिकनबॅकर बेस घेतली, आणि जेफ एमेरिक या तरुण मुद्रकाने एक लाउडस्पीकर उलटा जोडून त्याचाच मायक्रोफोन केला. सुई उडेल या भीतीने जो खर्ज तिथे वर्षानुवर्षे दाबून ठेवलेला होता, तो त्या दिवशी बाहेर आला.

मुंबईची कथा आमच्या शेजारची आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस आली. मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांच्या जॅझ बँडांत वाजवू लागली. बोलपट आल्यावर स्टुडिओंत शिरली. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावे. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले तुतारीवादक अँटोनियो झेवियर वाझ आमच्या चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, साथीदार होते. 1951 च्या 'अलबेला'त त्यांचा हात होता. फेंडरची पहिली बेस निघाली तेही 1951 सालच. पण ती मुंबईच्या स्टुडिओंत रुळायला साठ ते सत्तर सालांमधला काळ यावा लागला. तोवर खालच्या सुराला डबल बेस, आणि तालाच्या वजनाला तबला, ढोलक.

त्या काळी सबंध गाणे एकाच बैठकीत मुद्रित होई. महालक्ष्मीचा फेमस, ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब, परळचे राजकमल. या खोल्यांतून पन्नास-साठ वादक आणि गायक एकदम बसत. एकाची चूक म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा गर्दीत बेस घुमला तर तो व्हायोलिनवाल्यांच्या मायक्रोफोनांतही शिरे, आणि मग कोणीच कोणाला ऐकू येत नसे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. 'पंचम'च्या सत्तरीच्या दशकातील गाण्यांत बेसवर कान ठेवून पाहा. सूर उठतो, जागेवर बसतो आणि दूर होतो. तेवढ्या मोकळ्या जागेत तबल्याचा डग्गा आपले म्हणणे मांडून जातो. ही मांडणी आपोआप होत नसते. मुंबईच्या वादकांची नावेदेखील तबकड्यांवर क्वचितच येत. त्या बाबतीत डेट्रॉइट आणि ताडदेव सारखेच.

जाता जाता एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. बेसवाद्याला पर्याय म्हणून रोलँड या जपानी कंपनीने टीबी-303 नावाची पेटी काढली. बेस गिटारची जागा ती काही घेऊ शकली नाही. पण चरणजितसिंग या मुंबईच्या चित्रपटवादकाने 1982 मध्ये तीच पेटी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी विचारले नाही. पुढे 2010 मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली आणि लोकांनी तोंडात बोट घातले. निवड चुकीची की बरोबर, हे कधीकधी इतक्या उशिरा ठरते. असो.

आता परत कुणकेश्वराकडे. मी हे सगळे पोराला सांगत होतो तेव्हा मामा बाजूला बसून मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होते. मृदंग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते, आणि डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, दर बैठकीला ओल्या कणकेचा गोळा थापतात. या शाईचे मर्म चंद्रशेखर व्यंकटरामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले होते. साध्या चामड्यावर थाप मारली तर त्यातून उठणारे उपस्वर एकमेकांशी जमत नाहीत, नुसता गोंगाट होतो. मध्यभागी वजन दिले की ते मुख्य सुराशी जुळतात आणि चामडे सुरात बोलते. कणकेचे कामही वजन देण्याचेच. कमी लावली तर धुमा कोरडा वाजतो. जास्त लावली तर मुका होतो. मामा एक चिमूट लावीत, थाप देत, अर्धी चिमूट काढीत. आमच्या पट्ट्यात आणि खाली गोव्यात घुमट वाजवतात, त्यातही हीच जात दिसते. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडाला चामडे, लहान तोंड उघडे. उजवा हात थाप देतो आणि डाव्या हाताचा तळवा ते उघडे तोंड झाकतो-उघडतो. घुमू किती द्यायचे ते त्या तळव्याच्या हाती. (पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचे घालू लागले.)

जेमरसनचा फोम, कॅरोल के बाईंचे फेल्ट, घुमटवाल्याचा तळवा आणि मामांची कणीक यांचे काम एकच: घुमार आवरायचा, म्हणजे थाप दिसेल. आणि याला शास्त्राचा आधार आहे. आपल्या कानाला अगदी खालचे सूर कमी ऐकू येतात. पण कान चलाख आहे. 41 आंदोलनांचा सूर गाळून टाकला आणि त्याचे 82, 123, 164 असे उपस्वर तेवढे दिले, तरी कान हिशेब करून मूळ सूर 41 चाच मानतो. कर्ण्याच्या तबकडीत जो थोडाफार डग्गा कळतो तो असाच. मोबाइलचा एवढासा स्पीकर दोन-तीनशे आंदोलनांच्या खाली फारसे काही देत नाही. म्हणजे खर्चाच्या हिशेबाने कुठल्या कुठे आलो, पण खर्जाच्या हिशेबाने आमची भजने ऐकणारा मुंबईकर चाकरमानी लोकलमध्ये पुन्हा गैसबर्गच्या कर्ण्यापाशीच उभा! त्याच्यापर्यंत बेस पोचवायची तर तळाच्या सुराचा खुंटा पिळून भागत नाही. मधले उपस्वर भरदार असणारी गिटार हवी, आणि सुरुवात ठसठशीत हवी.

एवढे ठरल्यावर निवड फार उरली नाही. बॅटरीची गिटार वाईट नव्हे. मोठ्या सभागृहात, मोठ्या ध्वनिक्षेपकांवर ती राज्य करते. पण आम्हाला तिचे दोन्ही टोकांचे ऐश्वर्य नको होते. जॅझ जातीची मला स्वतःला आवडते. तिचे एकच पिकअप उघडले की मात्र घरची वीज तिच्यातून गुणगुणू लागते. आणि आमच्या त्या घराचे वायरिंग बरेच जुने, अर्थिंगचा भरवसा नाही. विजेची गुणगुण 50 आंदोलनांची, म्हणजे बेसच्या खालच्या दोन तारांच्या बरोबर मधोमध. मुद्रणात ती एकदा शिरली की सुराला धक्का न लावता काढणे कठीण. दोन तुकड्यांच्या पिकअपची प्रिसिजन जात याच कामासाठी जन्मली होती. तिला मधल्या सुरांचा भरणा आहे, खुंट्या दोनच, बिघडण्यासारखे काही नाही.

पोराला मी एवढेच बजावले होते, की दुकानात एकट्या गिटारीचा आवाज ऐकून भाळू नकोस. मामांच्या मृदंगाचा तुकडा मोबाइलवर घेऊन जा, आणि तो लावून त्याच्याबरोबर वाजवून पाहा. तो मुंबईस गेला. धोबी तलावाला फुर्तादोंच्या जुन्या पेढीत त्याने पुष्कळ गिटारी हातात धरून पाहिल्या. नव्या फेंडरची किंमत ऐकून नमस्कार केला. आणि शेवटी एका निवृत्त बँडवाल्याकडून त्याच घाटाची, पण साध्या नावाची, वापरलेली गिटार घेतली. घेताना दांडी सरळ आहे का, प्रत्येक पडद्यावर सूर स्वच्छ उठतो का, आणि चारही तारा सारख्या जोराने बोलतात का, एवढे पाहिले. एक विक्रेता अंगच्या लाकडाच्या जातीबद्दल बराच वेळ बोलत होता म्हणे. लाकडाचा परिणाम मुळीच नाही असे मी म्हणत नाही. पण भरीव फळीच्या गिटारीत पिकअप, तारा आणि वाजवणाऱ्याचे बोट यांच्यापुढे त्याचा वाटा लहान आहे.

तारांवर घरात वाद झाला. जुन्या तारा काढून नव्या झणझणीत घालाव्यात, असे पोराच्या मित्रांचे मत. नव्या तारांचा झणकार मामांच्या झांजेशी भांडू लागला. तेव्हा सपाट गुंडाळीच्या तारा मागवल्या. खरे तर कुणकेश्वरात मळाची वाट पाहण्याची गरजच नसते. तिथला खारा वारा दोन महिन्यांत कोणतीही तार जेमरसनच्या तारेइतकी म्हातारी करून देतो. वादक गिटार पुसून पेटीत ठेवतात. पोराने तीही सवय लावून घेतली आहे, कारण वारा तारांवर थांबत नाही, खिळे-पट्ट्यांवरही चढतो.

मग त्याने घोडीजवळ, तारांखाली, जुन्या घोंगडीचा तुकडा चारपदरी करून खोवला. मामा पाहत होते. म्हणाले, "मगे तूय कणीकच लावलंस मा!" घोंगडी आत ढकलायची, सूर ऐकायचा, थोडी बाहेर ओढायची, त्या दुपारी दोघे आपापल्या वाद्याला हेच करीत बसले होते.

मुद्रण दोन रात्री चालले, समुद्र उतरल्यावर, म्हणजे ओहोटीला. भरतीच्या वेळी गोधड्यांना न जुमानता लाट आत येते. पहिल्या गौळणीत पोराने प्रत्येक मात्रेवर सूर दिला. मामांनी मान हलवली. दुसऱ्या खेपेस त्याने समेवर आणि कालावर तेवढा हात ठेवला, मधल्या जागा सोडल्या. त्या जागांत धुमा आला. धुम्याचा सूर कुठे बसतो ते पाहून त्याने आपली पट्टीही त्याच्या वर, चौथ्या-पाचव्या पडद्यांपाशी नेली. मोबाइलवर लावून पाहिले तर दोन्ही वेगवेगळे कळत होते. माझ्या मामीने, जिला गिटार आणि फणस यांत फारसा फरक वाटत नाही, विचारले, "ह्यो दुसरो मृदंग कोण वाजयता?" पोराला ते लागले, पण मला वाटते तिने त्याला मोठीच पावती दिली.

नांदीचे ठेके राहिले होते. त्यांनाही बेस घ्यावी म्हणून पोराने चार प्रकारे वाजवून पाहिले. ठेका लावलेला होता, मामांचा हात त्या रात्री बरा चालला होता. गिटारीला बसायला जागा सापडेना. शेवटी त्याने वायर काढून गिटार भिंतीला टेकून ठेवली, आणि एकटा मृदंग तेवढा मुद्रित केला. अकरा मिनिटांचा तुकडा आहे. आठव्या मिनिटाला, मामा दम घ्यायला थांबले आहेत तिथे, गोधड्यांतून लाटेची एक थाप आत आली आहे. ती काढून टाकायची की ठेवायची, ते अजून ठरलेले नाही.